राहिलेला ठिपका

चिंचवड,
रविवार, ९ नोव्हेंबर २०२५

दादा,

तुम्हाला आणि वहिनींना नमस्कार.

आज सकाळी चहा घेऊन निघालो. भोसरीला बस बदलली, चाकणला उतरलो, तिथून शेअर रिक्षाने आपल्या फाट्यापर्यंत आलो. पुढे चालत तळ्याला वळसा घातला. दुपारी बांधावर बसून डबा खाल्ला. चारच्या सुमारास परत निघालो. तुमच्या दारावरून गेलो नाही, मागच्या वाटेने फाट्यावर आलो. घरी येऊन पाय धुतले आणि हे लिहायला बसलो.

गेले काही रविवार मी असाच येतो आहे. गावात कोणी पाहिलं असेल तर तुमच्या कानावर गेलं असेल. मी जमिनीच्या कामासाठी येत नाही. तसा गैरसमज होऊ नये म्हणून हे पत्र. फोन करणार होतो, पण फोनवर मला बोलता येत नाही.

वर्षालीचं कॉलेजचं काम अर्धवट राहिलं होतं. ते मी पुरं करतो आहे.

काम काय होतं ते माझ्या समजेप्रमाणे लिहितो. ज्या ज्या उतारावरून पाणी आपल्या तळ्यात येतं, म्हणजे टेकडी, आपला माळ, दोन्ही ओढे, तो सगळा तळ्याचा पाणलोट. त्या उतारावर चाळीस वर्षांपूर्वी काय होतं आणि आता काय आहे, हे तिला मांडायचं होतं. उपग्रहातून काढलेले जुने आणि नवे फोटो मिळतात. कॉम्प्युटर त्यांना रंग देतो. झाडी गडद हिरवी, शेत फिकं हिरवं, गवताचा माळ पिवळा, पाणी निळं. घर, शेड, रस्ता, जे काही माणसाने झाकलं ते लाल. पण कॉम्प्युटर वरून बघतो, त्यामुळे चुकतो. म्हणून नकाशावर जागोजाग ठिपके टाकतात. प्रत्येक ठिपक्यावर माणसाने स्वतः जाऊन उभं राहायचं, चारी दिशांना फोटो काढायचे आणि पायाखाली खरं काय आहे ते लिहायचं. बहुतेक ठिपके तिचे तिनेच केले होते. थोडे राहिले. तिच्या मॅडम म्हणाल्या, दुसऱ्या कोणाकडून करून घेऊ आणि अहवाल तिच्या नावाने ठेवू. मी म्हटलं, मी करतो. रिटायर झालो आहे, वेळ आहे. कंपनीतही मी तपासणी खात्यातच होतो. कागदावर आहे तसं हातात आहे का, एवढंच आयुष्यभर पाहिलं.

दोन नकाशे तिने हॉलमध्ये शेजारी शेजारी लावले आहेत. जुन्यात आपला माळ सगळा पिवळा आहे. नव्यात पिवळं शोधावं लागतं. ती लावत होती तेव्हा मी काहीतरी बोललो, गावाने कसं सगळं लाल करून टाकलं म्हणून. ती स्टुलावर उभी होती. म्हणाली, "बाबा, आपली सोसायटी कुठल्या रंगाची आहे? तुमची कंपनी? आपण पण लालच आहोत." आणि मला सेलोटेप मागितला.

काम अवघड नाही, पण लोक उभं राहू देत नाहीत. मोठ्या शेडच्या गेटवर एक वॉचमन आहे, लातूरकडचा. मी मोबाईल धरून रस्त्याच्या कडेला उभा होतो तर धावत आला.

"काका, काय बघायलाव? रोड वाढायलाय का काय हितून?"

मी म्हटलं, इथे पूर्वी गवत होतं, आता काय आहे ते लिहितो आहे.

"आता काय हाय ते तर दिसायलंय की!" म्हणाला. मग स्वतःच शेडपुढे ताठ उभा राहिला आणि म्हणाला, "माझा पण घ्या फोटो त्यात." घेतला. उत्तर दिशेच्या फोटोत तो आहे.

ओढ्यापाशी एक बाई शेळ्या चारत होत्या. त्यांनी लांबूनच हात केला. "एजंट हाय का? आमचं न्हाई इकायचं." मी म्हटलं, नाही मावशी, मी एजंट नाही. एक शेळी हाकलून परत वळल्या आणि म्हणाल्या, "पन भाव काय चाललाय?"

खूप दिवसांनी हसू आलं. घरी येऊन कोणाला सांगायचं, म्हणून तुम्हाला लिहिलं.

तळं तुम्ही रोज बघता, मी काय सांगणार. जलपर्णी या काठापासून त्या काठापर्यंत पसरली आहे. टेकडीवरून मुरूम काढलेला, माळावर शेडचे पत्रे, त्यामुळे पाणी मुरत नाही, सगळं गाळ घेऊन एकदम येतं आणि मागून सांडपाणी. नव्या नकाशात कॉम्प्युटरने तळ्याचा मोठा भाग फिका हिरवा दाखवला आहे, म्हणजे शेत. वर्षालीने तिथे 'चूक, पाणी' असं लिहिलेलं आहे. मी आज बांधावर बसलो तर मलाही ते शेतच वाटलं. एक बगळा त्यावरून चालत गेला.

बहात्तरच्या दुष्काळात आई या बांधावर माती वाहायला होती. मी लहान होतो, मला फक्त सुकडी आठवते. कामावर वाटायचे ती. तुम्ही आईच्या पदरातून माझ्यासाठी आणायचात.

आता एकच ठिपका राहिला आहे. तो तुमच्या घरामागे, कंपाउंडच्या आत येतो. कॉम्प्युटरने त्याला लाल रंग दिला आहे. तिथे उभं राहायला मला परवानगी हवी आहे. दहा मिनिटांचं काम आहे, चहापाण्याचं काही करू नये. माझं येणं बरं वाटणार नसेल तर तसं कळवा.

त्या दिवशी वर्षाली तुमच्याकडे येऊन गेली होती असं मला वाटतं. असो.

आपला,
बबन


चिंचवड,
रविवार, २३ नोव्हेंबर २०२५

दादा,

नमस्कार. आज कुठे गेलो नाही. सकाळी दळण आणलं, दुपारी झोप आली नाही, आता पाच वाजले आहेत.

तुम्ही मोबाईलवर पाठवलेले चार फोटो मिळाले. खाली कुठली दिशा तेही लिहिलं आहे. पूर्वेला भिंत. उत्तरेला घराची मागची बाजू आणि वहिनींची तुळस. दक्षिणेला भिंतीला लावून पेव्हर ब्लॉकची थप्पी, तिच्या फटींतून गवत उगवलेलं. पश्चिमेच्या फोटोत बाज आहे आणि बाजेवर तुमची सावली पडली आहे.

फोटो चांगले आले आहेत. पण ते मला चालणार नाहीत. तपासणाऱ्याने स्वतः जागेवर उभं राहायचं असा नियम आहे.

हे खरं आहे, नियम आहे. पण मॅडमना विचारलं असतं तर त्यांनी हे फोटो घेतले असते. मी विचारलं नाही.

मी गेल्या पत्रात तुम्हाला तुम्ही-आपण लिहिलं. ते लिहिताना पेन अडत होतं. आता सोडून देतो.

दादा, वर्षालीला नेलं तेव्हा तू निगडीला आला होतास. स्मशानभूमीच्या गेटपाशी, पार्किंगच्या बाजूला उभा होतास. टोपी हातात होती. मी पाहिलं. तू आत येशील असं वाटलं. मी वळून पाहिलं तेव्हा तू नव्हतास. दहाव्यालाही मी तुझी वाट बघितली. लोक म्हणाले, माळाच्या भांडणाचा राग अजून आहे. मला तसं वाटत नव्हतं. राग असता तर माणूस एवढ्या लांब येऊन गेटपाशी उभा राहत नाही.

भांडण मलाही आठवतं. माळ विकू नको म्हणून मी तावातावाने आलो होतो. आपल्या आबांनी दिवाळीपर्यंत त्या माळावर कोणाचं जनावर चढू दिलं नाही, पावसाआधी घरटी एक माणूस चर साफ करायला जायचा, हे सगळं मी तुला ऐकवलं. तू ओट्यावर बसला होतास. तू म्हणालास, "खालचं रान इकून चिंचवडला फ्लॅट घेतलास, तवा तुला तळं दिसलं न्हाई व्हय? आता सुट्टीला येऊन आमाला गवत दाखवतोय." वहिनी मध्ये पडल्या. मी चपला घातल्या आणि निघालो. त्यानंतर सहा वर्षं झाली. त्यात बरोबर कोण होतं हे ठरवण्यासाठी मी लिहीत नाही. तिने मला सांगितलंच आहे, आपण सगळे लाल आहोत.

मला विचारायचं आहे ते वेगळंच आहे.

ती गेली त्या दिवशी पोलिसांनी तिची पिशवी मला दिली. हेल्मेट फुटलं होतं, मोबाईलचा चुरा झाला होता, पण डबा धड होता. मी सकाळी तिला पोळी-भाजी भरून दिली होती. डबा घासून पुसलेला होता आणि त्यात खर्डा भरलेला होता. जाडाभरडा, लसूण सालासकट. असा खर्डा फक्त सोजरावहिनी करतात. मला ती इतके दिवस सांगायची, मी बांधावर बसून डबा खाते. तेव्हा कळलं की ती तुमच्याकडे जेवत होती. मला वाईट वाटेल म्हणून बोलली नसेल. वाईट वाटलं असतं की नाही ते आता सांगता येत नाही. तिची आई गेल्यापासून घरात आम्ही दोघंच. एकमेकांना दुखेल असं काही बोलायचं नाही, अशी आमची सवय होती.

तो खर्डा मी बरेच दिवस पुरवून खाल्ला.

दादा, सकाळी ती दारात स्कूटरची किल्ली शोधत होती, ती सकाळ माझ्याजवळ आहे. संध्याकाळी वायसीएम हॉस्पिटलमधून फोन आला, ती संध्याकाळही माझ्याजवळ आहे. मधला दिवस माझ्याजवळ नाही. तो तुझ्याकडे आहे. ती काय जेवली, काय बोलली, हसली का, कुठल्या वेळी निघाली. रस्त्यावरचं मला नको. ते मी पोलिसांकडून ऐकलं, कंटेनर कसा वळला तेही ऐकलं. मला फक्त तुझ्या घरातलं पाहिजे.

ठिपक्याचं निमित्त नसतं तर मी हे लिहिलं नसतं. ७ डिसेंबरला रविवार आहे. मी दुपारी येतो. तू घरी नसलास तर वहिनींना सांगून ठेव, मी मागे उभा राहून फोटो काढून जाईन आणि काही विचारणार नाही.

बबन


चिंचवड,
सोमवार, ८ डिसेंबर २०२५

दादा,

काल रात्री नीट पोचलो. भोसरीत बस लवकर मिळाली. आज सकाळी बँकेत जाऊन आलो, मग मॅडमना शेवटचा ठिपका पाठवला. दुपारी भाकरीचं गाठोडं सोडलं. वहिनींना सांग, भाकरी मऊ राहिल्या होत्या.

काल तू जे सांगितलंस ते मी बसमध्ये बसून पुन्हा पुन्हा आठवत होतो. मला ते विसरायचं नाही. म्हणून बरोबर ऐकलं का ते लिहून पाठवतो. कुठे चुकलं असेल तर दुरुस्त कर.

ती साडेबाराला आली. माळाच्या बाजूचे सगळे ठिपके करून आली होती, पायांना कुसळं लागलेली. वहिनींनी आमटी आणि बाजरीची भाकरी केली होती. माझा डबा तिने तुमच्या दोघांना वाढला. तू भाजी खाऊन म्हणालास, "बबन्याला अजून मीठ कळत न्हाई." ती खूप हसली. म्हणाली, "आप्पा, हे मी घरी जाऊन सांगणार आहे." मग स्वतःच म्हणाली, "सांगू कशी?"

मग ती ठिपका बघायला मागे गेली. तुझा तिथे पेव्हर बसवायचा विचार होता, माल येऊन पडला होता. दिवाळीत ती पहिल्यांदा आली तेव्हाच तुला म्हणाली होती, सगळा माळ गेला, एवढा तुकडा तरी उघडा राहू द्या, इथलं पाणी इथे मुरेल. तू म्हणालास, एवढ्याशानं तळ्याला काय फरक पडतोय? ती म्हणाली, तळ्याला पडणार नाही, नकाशाला पडेल. तू मजुरांना पुढच्या आठवड्यात या म्हणून सांगितलंस, आणि तसंच दर आठवड्याला सांगत राहिलास.

त्या दुपारी गवत वाळून सोनेरी झालं होतं. बाज तिथेच होती. ती टेकली, मोबाईल छातीवर ठेवला आणि झोपली. सूर्य भिंतीपलीकडे जाईपर्यंत झोपली. वहिनी म्हणाल्या, उठवा पोरीला, लांब जायचंय. तू म्हणालास, झोपू दे, थकल्याली दिसते. तिच्यावर तू तुझी शाल टाकलीस.

उठली तेव्हा अंधारून आलं होतं. फोटो येईनात. म्हणाली, "हा ठिपका राहू दे आप्पा. पुढच्या रविवारी जेवायलाच येते." वहिनींनी डब्यात खर्डा भरला. ती गेली.

हे सांगताना तू माझ्याकडे पाठ करून ब्लॉकच्या थप्पीपाशी उभा होतास. वरचा ब्लॉक उचलून पुन्हा तिथेच ठेवत होतास. मग म्हणालास, "मी उठवली असती तर उजेडात गेली असती. निगडीला गेटातून आत कोन्त्या तोंडानं येणार व्हतो मी, सांग."

मी ठिपक्यावर उभा राहिलो आणि चारी दिशांचे फोटो काढत राहिलो. पश्चिमेचा फोटो दोनदा काढावा लागला. तुला वाटलं असेल, याला पटलं की दोष आपलाच. मी चहा न घेता निघालो तेव्हा तुझं तोंड पाहिलं मी. म्हणून हे पत्र आजच टाकतो आहे.

दादा, त्या महिन्यात ती झोपत नव्हती. रात्री उशिरापर्यंत तिच्या खोलीत कॉम्प्युटर चालू असायचा. मी दार ढकलून म्हणायचो, झोप आता. ती म्हणायची, हो बाबा. सकाळी डोळे लाल. मी तिला झोपवू शकलो नाही, तुझ्या बाजेवर ती झोपली. ऊन होतं, गवत होतं, पोट भरलेलं होतं, अंगावर घरातल्या माणसाची शाल होती. जवळजवळ वर्षभर मी त्या दिवसाचा विचार करतो आहे आणि प्रत्येक वेळी मला फक्त रस्ता दिसायचा. काल रात्री पहिल्यांदा बाज दिसली.

तू तिला उठवलं नाहीस ते बरं केलंस. हे मी तुझं मन राखायला लिहीत नाही. मी असतो तर मीही उठवलं नसतं.

ठिपक्यासमोर मी 'गवत' लिहिलं. कॉम्प्युटर तिथे चुकला होता. थप्पीमुळे त्याला लाल वाटलं असेल. मॅडमनी फोटो पाहिले आणि नकाशा सुधारून पाठवला. तुझ्या घरामागे आता पिवळ्या रंगाचा एक कण आहे. मी चष्मा लावून शोधला. आहे. बाकी सगळीकडे लालच आहे आणि तळं अजूनही शेतासारखं दिसतं. त्याचं आपल्या दोघांकडून आता काही होणार नाही. पण ब्लॉकचं मजुरांना काय सांगायचं ते तूच बघ.

पुढच्या रविवारी ये म्हणालास. बघतो. ठिपके संपले, त्यामुळे रविवारचं काय करायचं ते अजून ठरवलेलं नाही. कदाचित येईन. भाजीत मीठ नीट घालून आणीन.

आता थांबतो. आमच्याकडे एक दिवसाआड पाणी येतं, आज पाण्याचा दिवस आहे. नळ सुटल्याचा आवाज आला. घरात दोन पिंपं आहेत, एक माझं आणि एक तिच्या बाथरूममधलं. त्या पिंपातलं पाणी कोणी वापरत नाही, शिळं होतं. ते बादलीने काढून खाली नेतो. सोसायटीत सगळीकडे पेव्हर आहेत, फक्त गेटजवळच्या कडुनिंबाभोवती हातभर माती उघडी आहे. तिथे ओततो. लगेच मुरतं. मग वर येऊन दोन्ही पिंपं भरतो आणि झाकणं लावतो.

तुझा धाकटा,
बबन